हिरकणीच्या तजाच्या पट्ट्या

पट्ट्या भाजायच्या दिवशी हिरकणी कुणाशी बोलत नाही. बोलली की तिला कशाचा ना कशाचा राग येतो, राग आला की लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की वरचा विस्तव जास्त होऊन पट्टी करपते. हे तिचं तिलाच पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या दिवशी तिचा नवरा विनोद शेळ्या घेऊन माळावर जातो आणि सून मयूरी जे विचारायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवते.

वेवजीत तिच्या घरामागे पडवीत चूल आहे. चुलीवर मोठं जाड बुडाचं पातेलं, त्यात चार बोटं वाळू. वाळू तापली की तिच्यावर तेलाच्या डब्यातून कापून घेतलेला चौकोनी पत्रा, पत्र्यात पीठ. वर लोखंडी झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालचा विस्तव मंद, वरचा त्याहून थोडा जास्त. किती जास्त, ते ती झाकणावर हात धरून ठरवते. हाताला आठ श्वास सोसवलं तर बरोबर, पाचातच हात मागे आला तर दोन निखारे काढायचे.

डहाणूला एकदा बायकांसाठी केकचं शिबिर झालं होतं. चाळीस बायका आणि एक विजेचा ओव्हन. हिरकणीने मागून विचारलं, "मॅडम, लाईट गेली की काय करायचं?" मॅडम म्हणाल्या, "इन्व्हर्टर घ्यायचा." हिरकणी उठली आणि एसटी पकडून घरी आली. अर्धा दिवसही न बसलेल्या शिबिराचं प्रमाणपत्र पुढे तिला घरपोच आलं. ते तिने पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलंय.

ती शिकली ती बोर्डीला, दक्षाबेनच्या स्वयंपाकघरात. दक्षाबेनची चिकूची वाडी मोठी, घर मोठं, माणसांची ये-जा मोठी. हिरकणी तिथे अठरा वर्षं कामाला होती. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळी परत. पुढच्या अंगणात झोपाळा होता, पाहुणे यायचे, बशीत पट्ट्या जायच्या. हिरकणी मागच्या दाराने आत आणि मागच्याच दाराने बाहेर. पाहुण्यांनी विचारलं, "वाह, कोणी बनवलं?" तर दक्षाबेन म्हणायच्या, "आपल्या घरची रीत आहे." खोटं नव्हतं ते. पण अठरा वर्षांत ते वाक्य हिरकणीच्या कानात एवढं बसलं, की आजही कुणी जास्त कौतुक केलं तर ती आधी मागे वळून बघते, कुणाला म्हणतायत ते.

दालचिनीला दक्षाबेन गुजराती वळणाने तज म्हणत, हिरकणीही तेच म्हणते. "हिरकणी, तज मोकळ्या हाताने टाक हां, पाहुण्याला घरात पाय ठेवताच वास आला पाहिजे." मैदा, रवा, तूप, साखर, आणि पीठ फुगवायला खमीर. सोडा नाही. वरून साखर आणि तजाची भरड, ती भाजताना वितळून पापडासारखी कुरकुरीत होते. गार झालं की सुरीने नाही कापायचं, चुरा पडतो. दोरा ताणून कापायचं. हे सगळं दक्षाबेनचं. मूठभर नाचणीचं पीठ तेवढं हिरकणीचं. वेवजीच्या डोंगराकडच्या वावरातली नाचणी घातली की पट्टीला रंग येतो आणि खाल्ल्यावर पोटाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं.

आणि ते खमीर म्हणजे ताडी. पहाटे झाडावरून उतरवलेली, उन्हं चढायच्या आत पिठात पडलेली. दुपारपर्यंत पीठ दुप्पट होतं, वर जाळी धरतं, कान जवळ नेला तर बारीक बुडबुड ऐकू येते. भाजल्यावर ताडीचा वासही उरत नाही, उरतो तो फक्त एक आंबूसगोड झटका, जिभेच्या मागच्या बाजूला. त्यानेच ती पट्टी दुकानातल्या केकपासून वेगळी होते.

आता हे सांगितलं की पुढचं सांगावंच लागतं.

दोन वर्षांपूर्वी वेवजीच्या बायकांनी गावठी दारूचा अड्डा बंद केला. अर्ज दिले, चौकीत जाऊन बसल्या, साहेब जेवायला गेलेत असं तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी हिरकणी म्हणाली, "साहेबांना जेवू दे सावकाश. चला गो." आणि चौदा बायका सरळ अड्ड्यावर गेल्या. पहिलं पिंप हिरकणीने फोडलं. विनोद तेव्हा तिथेच बसलेला होता, हातात ग्लास धरून. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, त्याच्या बाजूचं पिंप फोडलं फक्त. तो उठला, घरी आला आणि त्यानंतर प्यायला नाही. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

अड्डा तानीच्या नवऱ्याचा होता. तानी म्हणजे हिरकणीच्या समोरच्याच गल्लीतली, वयानेही तिच्याच बरोबरीची. पिंपं फुटली त्या दिवशी तानी दारात उभी राहून एवढं ओरडली, की तिचा आवाज आठ दिवस बसला होता. पुढे तिचा नवरा चिकूचा टेम्पो चालवायला लागला, घर शांत झालं, आणि वर्षभराने तानी स्वतः बचत गटात आली. गटाची अध्यक्ष जिजाबाई, शांत बाई. तिने तानीला काही न विचारता नाव लिहून घेतलं.

अड्डा मोडल्यावर बायकांनी गावदेवीसमोर शपथ घेतली होती. शपथेचे शब्द हिरकणीने सांगितले, बाकीच्यांनी मागून म्हटले: ताडी-दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत येणार नाही. कारण पुरुष दारू सुटली की ताडीवर जातात, हे तिला माहीत होतं. सगळा विचार करून घेतलेली शपथ. फक्त एक झालं. शपथ घेताना तिच्या डोळ्यांपुढे पिंपं होती, ग्लास होते, विनोद होता. पहाटे पिठासाठी ताडी भरून कुंपणावरून येणारा दुधाचा कॅन नव्हता. तो तिच्या लेखी ताडीत मोडतच नव्हता. ते खमीर होतं. अठरा वर्षं तिने त्याला खमीरच म्हटलेलं.

ताडी काढणारा सदू तिचा लांबचा दीर. थंडीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा सायकलवरून तो कॅन देऊन जायचा. ती सगळीच्या सगळी पिठात ओतायची, कॅन चिंचेने घासून कुंपणाच्या खुंटावर उलटा टांगायची. एक घोट कधी कुणाच्या पोटात गेला नाही. मग अडचण कुठे होती? अडचण ही, की कॅन पहाटे यायचा, दिवसा यायचा नाही. आणि पहाटे का, हे हिरकणीने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

यंदा गटाला बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या दोन दिवसांच्या मेळ्यात जागा मिळाली. जिजाबाई म्हणाली, "लोणची-पापड सगळेच ठेवतात. आपण हिरकणीच्या पट्ट्या ठेवू, आणि पाटीवर तिचं नाव घालू."

"माझं कशाला? गटाचं घाला," हिरकणी म्हणाली.

"गटाचं वर, तुझं खाली."

ती घरी आली तेव्हा मयूरीने विचारलं, "आई, काय झालं? तुम्ही हसताय."

"कोण हसतंय? पीठ चाळायला घे."

पण ती हसत होती. बोर्डीत, समुद्रासमोर, टेबलाच्या पुढच्या बाजूला तिचं नाव लावून ती उभी राहणार होती. कुणी विचारलं, कोणी बनवलं, तर ती सांगणार होती. एवढंच तिला हवं होतं. लग्नाआधीही तिने एवढं काही मागितलं नव्हतं.

मेळ्याला आठ दिवस असताना नमुना म्हणून एक घाणा करायचा ठरला. पहाटे सदूची सायकल कुंपणापाशी थांबली. हिरकणीने कॅन हातात घेतला आणि मागून आवाज आला.

"काय गो हिरकणी, दूध कुठल्या म्हशीचं?"

तानी. हातात तांब्या, डोक्याला फडकं बांधलेलं.

"तुला काय करायचंय?"

"वास येतोय म्हणून विचारलं. म्हैस झाडावर चढलीवती काय?"

सदू म्हणाला, "वहिनी, मी निघतो," आणि रिकामा कॅन परत घ्यायचा विसरून तो निघालाही.

"पिठाला लागते ती," हिरकणी म्हणाली. "पट्ट्यांना. मी काय पितेय का?"

"मी तरी कुठं पीत होते? माझ्या घरातली पिंपं फुटली तेव्हा मी म्हटलं होतं, आमचं पोट आहे यावर. तू म्हणालीस, थेंब नको. थेंब! तुझ्याच तोंडचं आहे. सगळ्या बायकांनी मागून म्हटलं."

"अड्डा आणि कॅन एक आहे का तानी? डोकं ठिकाणावर ठेव!"

"माझं आहे ठिकाणावर. तुझ्या हातात काय आहे ते बघ."

हिरकणी एवढं ओरडली, की विनोद उठून बाहेर आला. काय काय बोलली ते पुन्हा सांगण्यासारखं नाही. तानीच्या सात पिढ्या झाल्या, टेम्पो झाला, फडकंसुद्धा सुटलं नाही. तानी मात्र ओरडली नाही. या वेळी तिला गरजच नव्हती. "रविवारी बैठक आहे," एवढं म्हणून ती गेली.

हिरकणीने रागाच्या भरात कॅन उचलला आणि सगळी ताडी कुंपणाबाहेरच्या शेवग्याच्या मुळाशी ओतली. मग मयूरीला म्हणाली, "डहाणू रोडला जा. ते पाकिटातलं यीस्ट मिळतं ना, ते आण."

मयूरीने यीस्ट आणलं. कोमट पाणी, साखर, सगळं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. पीठ फुगलं, तासाभरात फुगलं, चांगलं टम्म. वरची साखर वितळली, तजाचा वास सुटला, दोऱ्याने कापल्या तर पट्ट्या सरळ आल्या. दिसायला तर आधीच्यापेक्षा देखण्या. हिरकणीने एक विनोदला दिली. त्याने सावकाश खाल्ली.

"पाव बरा झालाय," तो म्हणाला.

"पाव?"

"मग काय म्हणू? गोड पाव. बरा आहे."

तिने स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिली. तो झटका नव्हताच. पट्टी पुढे गोड लागत होती आणि मागे काहीच नव्हतं. बोर्डीत कुणाला कळलं नसतं. ज्यांनी दक्षाबेनच्या घरच्या खाल्ल्यात अशी माणसं आता किती उरली? तानीचं तोंड बंद झालं असतं, पाटीवर नाव राहिलं असतं, समुद्र समोर असता. नुसतं गप्प राहायचं होतं.

दोन दिवस ती गप्प राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी भात झोडताना विनोदला म्हणाली, "तानीचं खरं आहे का रे?"

विनोदने झोडायचं थांबवलं नाही. "मी दोन वर्षं तो कॅन बघतोय. तू पीठ मळून होईपर्यंत मला शेळ्यांकडे पिटाळतेस. दूध असतं तर पिटाळलं असतंस?"

हिरकणीच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग तिने ती आपटली, जरा जोरातच.

रविवारी सकाळी आठ वाजता अंगणवाडीच्या ओट्यावर बायका जमल्या. हिरकणी आली ती भर रस्त्यातून, एका हातात ताडीचा कॅन, डोक्यावर पिठाची परात. मागे मयूरी पातेलं घेऊन आणि विनोद वाळूची पाटी घेऊन. त्या दिवशी सदूला तिने मुद्दाम सात वाजता बोलावलं होतं, उजेडात.

तिने परात ओट्यावर ठेवली. "जिजाबाई, आधी मी बोलते. तानी, तू नंतर बोल, पाहिजे तेवढं बोल."

"बोल," तानी म्हणाली. तिने पदर कमरेला खोचलेलाच होता.

"पिंप फोडलं ते बरोबर होतं. परत वेळ आली तर परत फोडीन. पण शपथ मी घातली आणि मीच मोडली, दोन वर्षं मोडली. मला ते दिसलं नाही, कारण मी सगळ्यांच्या घरांवर नजर ठेवून होते, आपलं सोडून. दिवसा आणायची लाज वाटत होती म्हणजे मनात ठाऊक होतंच कुठंतरी." तिचा आवाज चढायला लागला होता, तो तिने खाली आणला. "आता हे ऐका. पट्टी ताडीशिवाय होत नाही. यीस्टची केली, गोड पाव झाला. तो मी बोर्डीला माझ्या नावाने ठेवणार नाही. ताडीची पट्टी गटाला नको असेल तर ठेवू नका. लोणचं ठेवा. पण लपवून मी आता करणार नाही."

आणि तिने सगळ्यांसमोर कॅन परातीत उलटा केला. फेस वर आला. तिने हात घातला आणि मळायला लागली.

मग कोपऱ्यातून हिराबाई, गटातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "माझी सासू तांदळाच्या पिठात ताडी घालायची. सणाला वड्या वाफवायची. कुणी प्यायलेलं मी पाहिलं नाही हो त्या दिवशी. सगळी पिठातच जायची."

"तुझा सासरा प्यायचा ना," कुणीतरी म्हणालं.

"तो रोजच प्यायचा. त्याला वड्या कशाला लागतायत."

हसू उठलं. तानी हसली नाही. जिजाबाईने सांगितलं, आपापली कामं उरका, दुपारी पट्ट्या झाल्या की बसू. पीठ फुगेपर्यंत बायका भाताकडे गेल्या आणि परत आल्या. हिरकणीने अंगणवाडीमागे तीन दगड मांडले, वाळू तापवली, झाकणावर निखारे ठेवले, हात धरून आठ श्वास मोजले. त्या वेळात ती कुणाशीही बोलली नाही. तजाचा वास अंगणवाडी ओलांडून रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा दोन रिक्षावाले उतरून चौकशी करून गेले.

दोऱ्याने पट्ट्या कापल्या. पहिली तिने तानीपुढे धरली.

"ती नको. कड दे," तानी म्हणाली. "करपलेली."

तिने कड खाल्ली. सगळ्यांचं लक्ष तिच्या जबड्याकडे होतं, आणि ती मुद्दाम सावकाश चावत होती, हे हिरकणीला कळत होतं. हिरकणी ओरडायच्या बेतात होती. पण थांबली. अशी थांबण्याची तिला सवय नाही.

"मी माझं म्हणणं मागं घेत नाही," शेवटी तानी म्हणाली. "पहाटेचा कॅन चोरीचाच होता."

"होता," हिरकणी म्हणाली.

"मग अट आहे. कॅन तुझ्या कुंपणावर उतरायचा नाही. माझ्या दारात उतरायचा, सात वाजता, दिवसा. मी तो हातात धरून रस्त्याने तुझ्याकडे आणीन. सगळं गाव बघू दे. माझ्यासमोर पिठात जाईल. थेंब उरला तर शेवग्याला."

"तुझ्या दारात?" जिजाबाईने विचारलं. सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं. ज्या दारात पिंपं होती, त्या दारात.

"माझ्याच. मला ठाऊक आहे किती ठेवली आणि किती गेली. माझ्यावर नजर ठेवायची असेल तर ठेवा."

हिरकणीने दोरा पुन्हा हातात घेतला. एरवी ती म्हणाली असती, तू कोण अट घालणारी. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही. पण तिने दुसरी कड कापली आणि तानीच्या हातावर ठेवली.

"सातला ये. उशीर झाला तर आंबट होते ती."

"मला शिकवू नको ताडी," तानी म्हणाली.

बोर्डीच्या मेळ्यात पाटीवर मयूरीने लिहिलं होतं: वेवजी महिला बचत गट. खाली: हिरकणीच्या तजाच्या पट्ट्या. आणि त्याखाली, हिरकणीच्या हट्टाने, मोठ्या अक्षरात: ताडीने फुगवलेल्या. काही लोक ते वाचून पुढे गेले. काही जण दोनदा वाचून थांबले. एका जाकीटवाल्याने विचारलं, "चढत नाही ना?" तानी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, चढायची असती तर मी हिला विकू दिली असती का? मीच विकली असती." तो माणूस एवढा हसला, की त्याने चार नेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षाबेन आल्या. काठी टेकत, नातीच्या हाताला धरून, पांढऱ्या सुती साडीचा पदर वाऱ्याने उडतोय. हिरकणीला पाहून त्यांना नवल वाटलं नाही, वास तर वाडीच्या रस्त्यावरच आला होता म्हणे. त्यांनी एक तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला.

"नाचणी टाकली तू."

"टाकली."

"माझ्याकडे असताना का नाही टाकली?"

"तिथली चूल तुमची होती, बेन."

दक्षाबेननी आणखी एक तुकडा उचलला. मग नातीला म्हणाल्या, "आपल्याकडे पट्ट्या होत्या ना, आठवतात? त्या हिच्या हातच्या. हीच बनवायची."

हिरकणीने या वेळी मागे वळून बघितलं नाही. तिने टेबलाच्या पुढच्या बाजूला खुर्ची ओढली. "बसा. थोडी सावली आहे इथे." आणि दोरा ताणून नवी पट्टी कापायला घेतली.

अजूनही थंडीत आठवड्यातून दोनदा, सातच्या सुमाराला, तानी हातात कॅन घेऊन भर रस्त्याने येते. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगते, ताडी आहे, हिरकणीकडे चाललीय, वास घे पाहिजे तर. मग पडवीत पाटावर बसून पीठ मळून होईपर्यंत बघते, मग ते फुगेपर्यंत बसते, मग भाजेपर्यंत. विनोद म्हणतो, पहारा एवढा लांबतो कसा. पावसाळ्यात ताडी नाही, पट्ट्या नाहीत, तेव्हाही ती दोनदा येऊन गेली, काही कामच नसताना.

भाजायच्या दिवशी हिरकणी अजून बोलत नाही. तानी बोलते. एकटीच बोलते, दोघींच्या वाटचं, आणि झाकण उघडायची वेळ झाली की गप्प होते आणि कडेसाठी बशी पुढे करते.